घरची शाळा, घरची रोझरी

प्रश्न : आम्ही कॅथलिक कुटुंब, कर्नाळ्याजवळ राहतो. सात आणि पाच वर्षांच्या मुलांना घरीच शिकवते; धाकटी दीड वर्षाची. धड अभ्यास होत नाही, रोझरीला मुलं लोळतात. पुढे परीक्षेचं काय?

उत्तर : ताई, सात वर्षांच्या मुलाला दिवसभर बसवताच कशाला? वाचन आणि गणित मिळून तासभर पुरे, तेही धाकटी झोपलेली असताना. उरलेली शाळा दाराबाहेर आहे. कर्नाळा अभयारण्य १९६८ पासूनचं, जेमतेम १२ चौरस किलोमीटरचं. सकाळी लवकर जा. थोरल्याने दिसलेला पक्षी वहीत काढावा, नाव मराठीत लिहावं. पाच वर्षांच्याने नुसतं मोजावं. कर्नाळा किल्ल्याचा सुळका दाखवून बेसॉल्टची गोष्ट सांगा. हा भूगोलच झाला.

रोझरीची पाचही रहस्यं लहानग्यांवर लादू नका. एक पुरे, मग ती झोपोत, उरलेली मोठ्यांनी म्हणावीत. गोष्टींसाठी फादर दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ हाताशी ठेवा, पण वाचून दाखवण्यापेक्षा सांगा. पहिल्या कम्युनियनची तयारी मात्र चर्चच्या वर्गातच होऊ द्या. तिथे सोबती मिळतात, आणि घरच्या शाळेत उणीव असते ती त्यांचीच.

आता कायद्याचं आणि परीक्षेचं. २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयासाठी आहे. पाल्याला शाळेत घालणं तो पालकांचं कर्तव्य मानतो, मात्र त्यात पालकांना दंडाची तरतूद नाही. शाळेत परतायचं ठरलं, तर वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. दहावी एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालय संस्थेतून देता येते, वयाची किमान अट १४ वर्षांची. तोवर तारखा घातलेल्या वह्या जपून ठेवा.