पाइप घेण्याआधी

विहिरीला पाणी आहे. पंपही चालतो. मग शेवटच्या वाफ्याला पाणी का पोचत नाही?

पाणी पाइपात घासत जाते. त्यात त्याचा जोर खर्च होतो.

आपण हिशेब करू. पाइप 100 मीटर लांब आहे. सेकंदाला 5 लिटर पाणी हवे. पाइप आतून 3 इंची असला, तर पाणी 2 मीटर उंच चढविण्याइतका जोर घासण्यातच जातो. 2 इंची असला, तर सुमारे 13 मीटर! पाइप दुप्पट लांब, तर खर्चही दुप्पट. शिवाय प्रत्येक बेंड, प्रत्येक व्हॉल्व्ह थोडा थोडा जोर खातो.

बारीक पाइप स्वस्त खरा. पण पैसे एकदाच वाचतात. वीज मात्र रोज जळते. म्हणून आधी हिशेब मांडू, मग दुकानात जाऊ.