डब्यातल्या पाण्याचा हिशोब

प्रश्न : नोकरीसाठी इंग्लंडला आल्यापासून छोले भिजत घालायला वेळ होत नाही, म्हणून डब्यातले आणते. सध्या खाल्लेल्या कॅलरींची नोंद ठेवते आहे. डब्यावर निव्वळ वजन ४०० ग्रॅम, आणि त्याखाली ‘निथळून २४० ग्रॅम’ असं असतं. धरायचं कुठलं? आणि छोले धुतल्यावर वजन थोडं वाढतं, त्याचं काय करायचं?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : २४० धरा. मात्र त्याआधी पोषणमूल्यांचा तक्ता कशाबद्दल आहे ते पाहा. तिकडच्या छोल्यांच्या डब्यांवर बहुधा ‘निथळलेल्या १०० ग्रॅममागे’ असा उल्लेख असतो. समजा, तिथे १२० कॅलरी लिहिल्यात. अख्ख्या डब्याच्या २४० ग्रॅमप्रमाणे २८८ होतात, ४०० ग्रॅमप्रमाणे ४८०. म्हणजे पाणी गेलं सिंकमध्ये आणि तुमच्या वहीत १९२ कॅलरी फुकटच्या चढल्या!

अमेरिकी डब्यांची तऱ्हा वेगळी. तिथे बऱ्याचदा ‘अर्धा कप, १३० ग्रॅम’ असं एक सर्व्हिंग आणि डब्यात अशी साधारण साडेतीन सर्व्हिंग्ज, असं छापलेलं असतं. गुणाकार करून पाहा : उत्तर निव्वळ वजनाच्या आसपास आलं, तर ते आकडे पाण्यासकट आहेत, निथळलेल्या वजनाशी जुळलं, तर नुसत्या दाण्यांचे. ही युक्ती कुठल्याही देशाच्या डब्याला चालते. भारतातही पाण्यात, पाकात किंवा व्हिनेगरमध्ये भरलेल्या पदार्थाच्या डब्यावर निथळलेलं वजन छापावं लागतं.

त्याहून मोठा घोटाळा मोबाइलच्या ॲपमध्ये होतो. नुसतं ‘छोले’ शोधलं की पहिली नोंद कोरड्या दाण्यांची निघू शकते. कोरड्या काबुली चण्यांत १०० ग्रॅममागे ३७५च्या आसपास कॅलरी, तर घरी शिजवलेल्यांत साधारण १६४. डब्यातल्यांत अनेकदा त्याहूनही कमी, कारण त्यांनी जास्त पाणी प्यायलेलं असतं. डब्यावरचा आकडा समोर असताना ॲपचं ऐकू नये.

आता धुण्याचं. अंगाला चिकटलेल्या पाण्यामुळे वजन वाढतं, कॅलरी वाढत नाहीत. म्हणून वजन धुण्याआधी करा. प्रयोगशाळेत डबा चाळणीवर ओततात, चाळणी तिरकी धरून दोन मिनिटं निथळू देतात आणि मग तोलतात. घरीही तेवढंच करा : रिकामं भांडं काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा, निथळलेले दाणे त्यात घाला, आकडा लिहा, मग खुशाल धुवा. धुतल्याने मीठ बरंच कमी होतं, तेव्हा तो टप्पा गाळू नका. अर्धाच डबा वापरणार असाल तर अंदाजाने निम्मे न धरता तोलून घ्या.

ते पाणीही अगदी कोरं नसतं. त्यात दाण्यांतून उतरलेला स्टार्च आणि थोडी प्रथिनं असतात. म्हणून तर ते घुसळलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस येतो आणि व्हीगन मंडळी त्याचे मेरिंग करतात. रस्सा दाट व्हावा म्हणून तुम्ही ते भाजीत ओतत असाल, तर थोड्या कॅलरी जास्त धरा.

तेलातल्या माशांना मात्र हे इतकं सोपं लागू होत नाही. तेलाच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी, आणि कितीही निथळलं तरी काही तेल माशातच राहतं. ट्यूना पाण्यातला घेतलात की ही कटकटच नाही.

दोन-चार ग्रॅमसाठी जीव टांगणीला लावू नका. अमेरिकेच्या नियमांत खऱ्या कॅलरी छापील आकड्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंत जास्त निघाल्या तरी लेबल चुकीचं ठरत नाही. मूळ आकडाच एवढा सैल असताना दशांश चिन्हापर्यंत तोलण्यात काय हशील?

जाता जाता, पाकाबद्दल. अननसाच्या चकत्या डब्यात महिनोन् महिने पाकात असतात, साखर फळात मुरते, वरून नळाखाली धरल्याने ती निघत नाही. डब्यातल्या रसगुल्ल्याचंही तेच. पिळून खाल्ला की हलका होतो, असं समजणारे पुष्कळ आहेत. थोडा पाक जातो हे खरं, पण छेन्यात मुरलेला बराचसा आतच राहतो. तेव्हा पिळायचा असेल तर आधी पिळा आणि जो ताटलीत उरेल तो तोला. आणि तक्ता पाकासकट वजनाचा असेल, तर तुमचा आकडा अंदाजाचाच राहणार, हे धरून चाला.