इंग्रजी फ्रेझल व्हर्ब आणि वाक्प्रचार : मॅसेडोनियन भाषकाच्या दृष्टीने

मराठीतील संयुक्त क्रियापदे आपल्या परिचयाची आहेत. 'लिहिणे' ही क्रिया एकच. परंतु 'लिहून ठेवणे', 'लिहून घेणे' आणि 'लिहून टाकणे' यांच्या अर्थच्छटा निरनिराळ्या. इंग्रजी हेच कार्य क्रियापदानंतर 'अप', 'ऑफ', 'डाउन' असे लहान शब्द योजून साधते. या जोडीस 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात.

ही जोडी परभाषकास कोठे अडवते, हे आपल्या सवयींपासून थोडे दूर जाऊन पाहू. मॅसेडोनियन ही उत्तर मॅसेडोनियातील स्लाव्ह गटाची भाषा. तिची वर्णमाला व लेखननियम १९४५ मध्ये निश्चित झाले. तीत अर्थभेद उपसर्गाने होतो. संस्कृत 'हृ' धातूपासून आहार, विहार, प्रहार होतात, तसे 'लिहिणे' या अर्थाच्या मुळापासून 'झापिशे' (टिपून ठेवणे), 'प्रेपिशे' (नक्कल करणे) आणि 'पोत्पिशे' (सही करणे) ही रूपे होतात.

आता एका पत्रात 'बैठक पुट ऑफ केली आहे' आणि दुसऱ्यात 'कॉल ऑफ केली आहे' असे आले, तर? पहिली बैठक लांबणीवर पडली, दुसरी रद्दच झाली. दोन्हीकडे 'ऑफ' पाहून एकच अर्थ घेणारा वाचक एक तर व्यर्थ वाट पाहील किंवा बैठकीस मुकेल. मॅसेडोनियन वाचकाला येथे स्वभाषेचा आधार मिळतो. 'ओद्लोझी' म्हणजे लांबणीवर टाकणे, 'ओत्काझे' म्हणजे रद्द करणे. दोहोंतही 'पासून, दूर' या अर्थाचा एकच उपसर्ग आहे, आणि दुसऱ्यातील 'काझे' म्हणजे तर 'सांगणे'.

मात्र या साम्यावर विसंबून चालत नाही. 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे. त्यासाठी मॅसेडोनियनमध्ये 'से ओत्काझे' म्हणतात. तेथे 'वर' या कल्पनेचा मागमूस नाही. (मराठीत 'देणे' आहे खरे, पण तो योगायोग समजावा.) शिवाय उपसर्ग क्रियापदापासून सुटत नाही, इंग्रजी 'ऑफ' सुटतो. सर्वनाम असेल तर ते मध्येच यावे लागते : 'पुट इट ऑफ' शुद्ध, 'पुट ऑफ इट' अशुद्ध. ही चूक आपल्याही हातून सहज होते.

वाक्प्रचारांत फसगत अधिक. न पाहता सौदा करण्यास मॅसेडोनियन भाषक 'पोत्यातले मांजर विकत घेणे' म्हणतो; इंग्रजीत त्या पोत्यात डुकराचे पिल्लू असते. इंग्रजीतही मांजर पिशवीतून बाहेर येते, पण तेव्हा गुपित फुटते! चित्र ओळखीचे, अर्थ परका. आपल्याकडे 'पाय ओढणे' म्हणजे दुसऱ्याच्या प्रगतीत अडथळा आणणे. इंग्रजीत कोणाचा पाय ओढणे ही केवळ थट्टा. मराठी वाचकाने तेथे वैर वाचले, तर सबंध संवादाचा सूर बिघडतो. अशा ठिकाणी शब्दकोशात सुटे शब्द न पाहता पूर्ण पदबंध पाहावा आणि तो ज्या वाक्यात आला, त्या वाक्यासह वहीत उतरवावा.

स्वाध्याय : 'लुक आफ्टर', 'लुक डाउन ऑन' आणि 'लुक अप टू' यांसाठी 'पाहणे' हे क्रियापद न वापरता मराठी प्रतिशब्द द्या. त्यानंतर 'डोळ्यांत तेल घालून पाहणे' या वाक्प्रचाराचा अर्थ इंग्रजी भाषकास कसा सांगाल, ते चार-पाच वाक्यांत लिहा.