कापड दुकानातील उमेदवार ते विज्ञानकथाकार : एच. जी. वेल्स

विज्ञानकथा म्हणजे केवळ करमणूक, असा समज आपल्याकडे आढळतो. तो किती अपुरा आहे, हे इंग्रज लेखक हर्बर्ट जॉर्ज वेल्स यांच्या जीवनकार्यावरून दिसून येते. विद्यार्थी मित्रांसाठी त्यांचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

वेल्स यांचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी केंट परगण्यातील ब्रॉमली येथे झाला. वडिलांचे भांड्यांचे दुकान जेमतेम चाले. संसार भागेना म्हणून आईला पुन्हा श्रीमंताघरी चाकरीस जावे लागले. १८७४ साली पाय मोडून अंथरुणावर असताना वडिलांनी आणून दिलेल्या पुस्तकांमुळे त्यांना वाचनाची गोडी लागली.

परंतु गरिबाच्या मुलाने धंदा शिकावा, हीच रीत! १८८१ साली ते साउथसी येथे कापड दुकानात उमेदवारीस लागले. रोज १३ तास काम आणि इतर उमेदवारांबरोबर सामाईक खोलीत झोप. दोन वर्षांनी आईचे मन वळवून त्यांनी उमेदवारी सोडली. मिडहर्स्टच्या शाळेत शिकत व शिकवीत त्यांनी १८८४ मध्ये शिष्यवृत्ती मिळविली. आठवड्याला १ गिनी, म्हणजे २१ शिलिंग! लंडनमध्ये थॉमस हक्सले यांच्याकडे ते जीवशास्त्र शिकले. १८८७ मध्ये भूगर्भशास्त्रात नापास झाले, त्यात आजारपण आले. तरीही १८९० मध्ये त्यांनी बी.एस्सी. पदवी घेतलीच.

१८९५ साली 'द टाइम मशीन' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा नायक ८,०२,७०१ या वर्षात पोहोचतो. तेथे सुखवस्तूंचे वंशज जमिनीवर ऐषआरामात दुबळे झालेले, तर श्रमिकांचे वंशज जमिनीखाली अंधारात यंत्रे चालवीत असतात. रात्री तेच वर येऊन वरच्यांना खातात! माणसामाणसांतील दरी वाढू दिली, तर मानवजातच दुभंगेल, हा तो इशारा होय. १८९८ च्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये मंगळवासी इंग्लंडवर चाल करून येतात. पण आरंभीच वेल्स टास्मानियातील मूळ रहिवाशांच्या संहाराची आठवण आपल्या देशबांधवांना करून देतात. १९२० च्या जगाच्या इतिहासग्रंथात त्यांनी भगवान बुद्ध व सम्राट अशोक यांना मानाचे स्थान दिले. १९४० मध्ये मानवी हक्कांवर पुस्तक लिहिले. १३ ऑगस्ट १९४६ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रहो, एका शिष्यवृत्तीने दुकानातील पोराला प्रयोगशाळेत नेले, आणि त्याने मिळालेल्या ज्ञानातून समाजालाच प्रश्न विचारला. एका विषयात नापास झालो म्हणून शिक्षण सोडू पाहणाऱ्यांनी हे चरित्र अवश्य वाचावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.