चाक बदलायचे ते आधी अंगणात

सातारा,
२ जानेवारी

चि. रोहित यास,


तू पिकअप घेतलीस हे ताईकडून कळले. गाडी वापरलेली असली तरी इंजिन दमदार आहे, कागद स्वच्छ आहेत आणि द्राक्षांचा हंगाम तोंडावर आहे. वेळ चांगली साधलीस. तासगावची द्राक्षे रात्रीत वाशीच्या बाजारात पोचवायची हे मोठ्या जबाबदारीचे काम आहे. इंजिन, ऑइल, ब्रेक यांबद्दल मिस्त्री तुला सांगतीलच. मी आज एकाच गोष्टीविषयी लिहितो आहे. ती कुणी मुद्दाम शिकवत नाही, आणि गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ती येतेच असे सगळे धरून चालतात. ती म्हणजे भरल्या गाडीचे चाक रस्त्यात बदलण्याची तयारी.

टायर कुठे बसेल हे तुझ्या हातात नाही. खंबाटकीच्या घाटात बसेल, नाहीतर पहाटे तीनला कराडच्या पुढे अंधारात बसेल. पण स्टेपनीत हवा आहे का, पाना नटाला बसतो का, जॅक उचलतो का, हे सगळे तुझ्या हातात आहे, आणि तेही गाडी दारात उभी आहे तोवरच. रस्त्यावर माणसाची ताकद सहसा कमी पडत नाही. घरी करायची राहून गेलेली एखादी लहान गोष्ट आडवी येते.

आपल्या भागात टायरला निमित्ते पुष्कळ. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्यावर चिखल आणि मोळ्या सांडलेल्या असतात. बैलगाड्यांच्या बैलांच्या पत्र्या निघतात आणि त्यांचे खिळे डांबरावर पडून राहतात. बागेत माल भरायला जाशील तेव्हा पाणंदीत बाभळीचे काटे असतील आणि बांधाला मांडवाच्या तारांचे तुकडे. म्हणून माल भरल्यावर, ताडपत्री बांधण्याआधी, चारही चाकांभोवती एक फेरी मार. हाताने टायर चाचप, खाचेत अडकलेले खडे काढ. टायरच्या खाचांत तळाशी लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला असे समज. नियमाप्रमाणे चारचाकी गाडीच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खोल नक्षी हवी. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, तेही वाचायला शीक. ‘२३२४’ असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. जुन्या गाडीबरोबर आलेली स्टेपनी नवी दिसते, कारण ती वापरलेली नसते. पण रबर पडून पडूनही म्हातारे होते. तो आकडा आजच बघ.

आता स्टेपनी. पिकअपची स्टेपनी हौद्याखाली, मागच्या बाजूला साखळीला टांगलेली असते. ती जागा चिखलाची आणि पाण्याची आहे. पावसाळा गेला की साखळी आणि ती फिरवायचा गज गंजून एकजीव होतात. आधीच्या मालकाने चोराच्या भीतीने तिला कुलूप लावले असेल तर किल्ली कुठे आहे ते विचार, आणि कुलूप उघडते का ते स्वतः पाहा. मग स्टेपनी पूर्ण खाली सोड, बाहेर ओढ, साखळी घासून तिला ग्रीस लाव आणि पुन्हा वर चढव. महिन्यातून एकदा हे करत जा. मागची फळी उघडल्यावर किंवा जादा गार्ड बसवल्यावर गज घालायचे भोक झाकले जात नाही ना, तेही बघ. पंपावर हवा भरताना पाचवे चाक विसरू नकोस. पुढच्या आणि मागच्या टायरची हवा वेगळी असते, रिकाम्या आणि भरल्या गाडीची वेगळी. ते आकडे कंपनीच्या पुस्तकात दिलेले असतात. स्टेपनीत त्यांतला सर्वांत मोठा आकडा ठेव. रस्त्यावर जास्तीची हवा सोडता येते, कमी असलेली भरता येत नाही.

हत्यारांत पहिला जॅक. गाडीचे भरलेले वजन आरसीवर लिहिलेले असते. ते वाच आणि त्या मानाने भक्कम बाटली जॅक ठेव. कारचा कात्री जॅक भरल्या पिकअपखाली कधीही लावू नकोस. जॅक पूर्ण वर नेऊन बघ, तेल पाझरते का आणि उचललेले वजन आपोआप खाली बसते का ते तपास. जॅकबरोबर हातभर लांबीची जाड लाकडी फळी हवीच. कृष्णाकाठच्या काळ्या रानात, साइडपट्टी ओली असली की, वजन आल्याबरोबर जॅक जमिनीत शिरतो. गाडी वर जायची ती जॅकच खाली जातो. फळीने ते वजन पसरते. दुसरा व्हील पाना. तो नटावर घट्ट बसला पाहिजे, सैल पाना नटाचे कोपरे खातो. टॉमीवर, म्हणजे पान्याच्या दांड्यावर, चढवायला दोन-अडीच फुटी लोखंडी पाइप ठेव. दांडा लांबला की तेवढ्याच जोराने जास्त काम होते. याशिवाय चाकांना लावायला दोन लाकडी ठोकळे, दोन लाल त्रिकोण, चमकणारे जाकीट, कपाळावर बांधायची बॅटरी, हातमोजे आणि जुने पोते. हे सगळे एका पेटीत, आणि पेटी सीटमागे. हौद्यात ठेवलीस तर नेमक्या वेळी ती द्राक्षांच्या क्रेटखाली असेल.

एक गोष्ट फार जणांच्या ध्यानात येत नाही. पंक्चरवाले हल्ली नट हवेच्या मशीनने आवळतात. ते इतके बसतात की रस्त्यावर आपल्या पान्याने हलत नाहीत. चाक कुठेही काढून बसवले, की निघण्याआधी तिथेच आपल्या पान्याने प्रत्येक नट सोडवून पुन्हा हाताने आवळ. दहा मिनिटे जातात, पण चाक तुझ्या हाताने निघेल याची खात्री होते.

आता मुख्य सांगणे. येत्या रविवारी अंगणात चाक बदल. रिकाम्या गाडीचे बदल, मग खताची पोती भरून बदल, आणि मग दिवस मावळल्यावर फक्त बॅटरीच्या उजेडात बदल. एकदा पुढचे, एकदा मागचे. भरल्या गाडीला मागचा टायर बसला की हौदा किती खाली येतो, जॅक एक्सलखाली शिरतो की अडतो, स्टेपनी त्या अवस्थेत बाहेर निघते का, हे पुस्तक वाचून कळत नाही. अंगणात अडलास तर शेजारी मिस्त्री आहे, उजेड आहे, चहा आहे. तुझ्याबरोबर येणाऱ्या पोरालाही शेजारी बसवून शिकव. तुझ्या हाताला लागले तर गाडी त्याच्या भरवशावर असेल.

हे काम क्लीनरचे, आपले नव्हे, असे मनात आणू नकोस. आपल्या मुलखाला हाताच्या कामाची लाज कधी वाटली नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली आणि १९१० साली औंध संस्थानाने दिलेल्या कुंडलजवळच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. तुझ्या तालुक्याच्या शेजारचेच हे गाव. त्यांचा लोखंडी नांगर घ्यायला शेतकरी सुरुवातीला तयार नव्हते, लोखंडाने जमीन नासेल अशी भीती होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनीही काही काळ किर्लोस्करांचे नांगर विकण्याचे काम केले. पुढे त्यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ म्हणत मुलांच्या हातात पुस्तकाबरोबर कुदळही दिली. तू त्यांच्याच शाळेत शिकलास. हत्यार कसे चालते आणि का चालते, दोन्ही कळले तरच ते आपले होते. म्हणून पुढे मी प्रत्येक गोष्टीचे कारणही लिहितो.

टायर बसल्याचे जाणवले की ब्रेक जोरात मारू नकोस. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धर, पाय हळू उचल, चारही इंडिकेटर लाव आणि सपाट, रुंद, लांबून दिसणारी जागा शोध. वळणावर, पुलावर, बोगद्यात थांबायचे नाही. उतारावर जॅक लावायचा नाही. त्यासाठी बसलेल्या टायरवर दोन-चारशे मीटर सावकाश जावे लागले तर जा. टायर फाटेल, कदाचित डिस्कही वाकेल, दोन्ही बाजारात मिळतात. उजव्या बाजूचे चाक बसले असेल तर आणखी सावध राहा, कारण ते बदलताना तुझी पाठ धावत्या गाड्यांकडे असते. हमरस्त्यावर ते साइडपट्टीवर बदलू नकोस. सेवा रस्ता, पेट्रोल पंप किंवा ढाबा गाठ. जागा मिळालीच नाही तर १०३३ ला फोन कर. राष्ट्रीय महामार्गाची ही मदतीची सेवा आहे. गस्तीची गाडी मागे उभी राहिली की मगच काम सुरू कर. जीव धोक्यात आहे असे वाटले तर ११२.

त्रिकोण गाडीला टेकवून ठेवून उपयोग नाही. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर कापते. पन्नास मीटरवर ठेवलेला त्रिकोण मागच्या चालकाला जेमतेम दोन सेकंद देतो. हमरस्त्यावर दीडशे पावले मागे जा, रस्त्याच्या कडेने आणि येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून. बरोबरच्या पोराला रस्त्यापासून दूर उभे कर, गाडीच्या मागे नव्हे.

मग हॅन्डब्रेक ओढ, गिअर टाक आणि चाकांना ठोकळे लाव. यातले ठोकळे पुष्कळ जण सोडतात, म्हणून कारण नीट समजून घे. पिकअपला इंजिनाची ताकद मागच्या चाकांतून मिळते, आणि गिअरमध्ये उभी गाडी धरून ठेवतात तीही मागचीच चाके. मागचे एक चाक उचलले की डिफरन्शिअलमुळे ते हवेत मोकळे फिरू शकते आणि गिअरची पकड संपते. हॅन्डब्रेकही मागच्या चाकांवरच असतो, तेव्हा जमिनीवरच्या एकाच चाकावर सगळा भार येतो. तीन टनांची गाडी एवढ्यावर सोपवायची नाही. मागचे चाक काढताना पुढच्या चाकाला पुढून आणि मागून ठोकळा हवा.

चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल कर, हवेत ते चाक फिरत राहते. मागे जॅक एक्सलखाली, पाट्याच्या जवळ लाव. पुढे कंपनीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागीच. गाडी उचलली की स्टेपनी आधी चासीखाली सरकव, जॅक निसटलाच तर गाडी तिच्यावर टेकेल. गाडीखाली अंग घालायचे नाही, हातसुद्धा गरजेपुरताच. नवे चाक बसवताना नटाची निमुळती बाजू डिस्ककडे ठेव, सगळे नट आधी बोटांनी लाव, मग समोरासमोरचे घेत आवळ. ओळीने आवळलेस तर डिस्क एका बाजूला तिरकी बसते. शेवटचा जोर चाक जमिनीवर टेकल्यावरच दे. पुढे चाळीस-पन्नास किलोमीटरवर थांबून नट पुन्हा तपास. बसलेला टायर वाटेत दिसेल त्या पहिल्या दुकानात दुरुस्त करून घे. स्टेपनी नसलेल्या गाडीने पुढचा घाट चढू नकोस.

ठोकळे विसरून कधी दगड लावावे लागले, तर निघताना ते रस्त्यावर सोडून जाऊ नकोस. घाटात लोक चाकाखालचे दगड तिथेच टाकून जातात, आणि रात्री दुचाकीवरून येणारा कुणीतरी त्यावर आदळतो. तो कुणाचा तरी मुलगा असतो. दगड उचलून कडेला टाकल्याशिवाय गाडीत बसायचे नाही.

शेवटी मालाबद्दल. द्राक्षाच्या बागेत शेतकऱ्याने वर्षभर औषधे, मजुरी आणि झोप घातलेली असते. उशीर होतोय म्हणून तुझा जीव खालीवर होईल, आणि त्या घाईतच माणूस ठोकळा लावायचे विसरतो, त्रिकोण जवळच ठेवतो. म्हणून थांबल्याबरोबर, पाना हातात घेण्याआधी, दोन फोन कर : बागायतदाराला आणि बाजारातल्या आडत्याला. काय झाले आणि किती उशीर होईल ते खरे सांग. खरे बोलणाऱ्या वाहनवाल्याला लोक उशीर माफ करतात आणि पुढच्या हंगामात पुन्हा बोलावतात. ते सांगून झाले की मन कामाला लागते.

रविवारी अंगणातली तालीम झाली की काय अडले ते मला सविस्तर कळव. साखळी गंजलेली निघाली, जॅक बुटका पडला, पाना सैल निघाला, काहीही असो. पहिला माल भरण्याआधी ते दुरुस्त करू. जॅक नवा घ्यावा लागला तर त्याचे पैसे मी देईन, त्यात संकोच करू नकोस.

ताईला व दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा