माइक कोणाच्या हाती?

अभ्यासपाठ. वाचन : प्रेषितांची कृत्ये 2:1-12



पन्नासाव्या दिवशी यरुशलेमेत अनेक देशांचे लोक जमले होते. देवाच्या कार्याविषयी ऐकण्यासाठी त्यांतील कोणालाही आधी दुसऱ्याची भाषा शिकावी लागली नाही. आदिवासी भागात काम करताना मला याच्या पुढचा प्रश्न पडतो : आपल्या भाषेत ऐकायला मिळाले, पण आपल्या भाषेत जगाशी बोलायचे कुठून?

संयुक्त राष्ट्रांनी 2007 मध्ये आदिवासी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. भारतानेही त्याच्या बाजूने मत दिले. त्याच्या 16व्या कलमानुसार आदिवासींना स्वतःच्या भाषेत स्वतःची प्रसारमाध्यमे उभारण्याचा हक्क आहे.

हा हक्क कसा अडतो, ते मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालात दिसते. तेथे 40 टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी, बहुतेक माया आहेत. 1996च्या कायद्यानुसार रेडिओच्या लहरी लिलावात जास्त बोली लावणाऱ्याला मिळू लागल्या. गरीब गावांनी परवान्याविना छोटी केंद्रे चालवली, तेव्हा छापे पडले, यंत्रे जप्त झाली, खटले भरले गेले. चार माया समाजांनी दाद मागितली. 2021 मध्ये आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला : लहरींचा काही भाग आदिवासी रेडिओसाठी राखून ठेवा आणि खटले थांबवा.

आदिवासींना बंदी नव्हती. दार सर्वांना उघडे होते, पण उंबरठ्याची किंमत त्यांना परवडणारी नव्हती.

आपल्या देशात 2006 पासून सेवाभावी संस्थांना सामुदायिक रेडिओचा परवाना मिळू शकतो. मात्र मालकी व व्यवस्थापनात त्या समाजाचे प्रतिबिंब हवे आणि किमान निम्मे कार्यक्रम स्थानिकांच्या सहभागाने व्हावेत, अशी अट आहे. परवाना संस्थेच्या नावे असतो, म्हणून ही अट आपल्यासारख्या संस्थांनी मनापासून पाळायला हवी. आपण लिहिलेला संदेश वारली किंवा कोरकू भाषेत वाचला गेला, तर भाषा त्यांची, पण शब्द आपलेच. पाड्यावरची बाई त्या माइकवरून आपल्या संस्थेच्या कामातील उणीवही सांगू शकली, तरच तो रेडिओ तिचा.

मनन व चर्चेसाठी

1. आदिवासींसाठी बोलणे आणि त्यांना बोलू देणे यांत काय फरक आहे?
2. आपल्या दानातून रेडिओ केंद्र उभे राहिले, तर कार्यक्रम कोणी ठरवावेत?
3. त्यांचे बोलणे आपल्याला न रुचल्यास आपण मदत चालू ठेवू का?