समांतर जोडणी : विभवांतर समान, भार मात्र सामाईक

विजेचा पाठ शिकवताना आम्हांला दरवर्षी एक प्रश्न हमखास ऐकू येतो : ‘‘सर, एका खोलीत चार दिवे लावले, तर २३० व्होल्ट चौघांत वाटले जातात का?’’ प्रश्न स्वाभाविक आहे. भाकरी चौघांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला चतकोरच येते. विभवांतराचे मात्र तसे नाही.

विभवांतर नेहमी दोन बिंदूंमधले असते. घरातील प्रत्येक दिव्याचे एक टोक फेजच्या तारेला आणि दुसरे न्यूट्रलच्या तारेला जोडलेले असते. बिंदू तेच, म्हणून विभवांतरही तेच. इमारतीला दोन जिने असले, तरी कोणत्याही जिन्याने चढा, पहिल्या मजल्याची उंची बदलत नाही. कोणत्या जिन्यावर किती माणसे आहेत, एवढाच फरक पडतो. ही उंची म्हणजे विभवांतर आणि माणसांची वर्दळ म्हणजे विद्युतधारा.

याउलट २३० व्होल्टचे दोन सारखे बल्ब एकसर जोडणीत लावले, तर प्रत्येकाला ११५ व्होल्टच मिळतात. दोन्ही मंद पेटतात आणि एक गेला की दुसराही विझतो. म्हणूनच घरोघरी समांतर जोडणी वापरतात.

येथेच एक सावधगिरीची गोष्ट आहे. शाखांतील विभवांतर समान राहते, पण प्रत्येक शाखेतील विद्युतधारेची बेरीज होते आणि ती बेरीज सामाईक तारेला वाहावी लागते. ९ वॉटचा एलईडी दिवा सुमारे ०.०४ अँपिअर धारा घेतो, १००० वॉटची इस्त्री ४.३५, तर पाणी तापवण्याचा १५०० वॉटचा रॉड ६.५. तिन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावले, तर बेरीज सुमारे १०.९ अँपिअर होते. बोर्ड ६ अँपिअरचा असेल, तर त्याला एकटा रॉडही झेपणारा नाही. तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. धारा दुप्पट झाली की उष्णता चौपट. दिवे कदाचित किंचित मंद होतील, व्होल्टमीटरचा काटा फारसा हलणार नाही; परंतु भिंतीमागे तारेचे आवरण वितळत असेल.

अशा वेळी फ्यूज वितळतो किंवा एमसीबी खाली पडते, तो बिघाड नसून इशारा असतो. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार घालणे म्हणजे पहारेकऱ्याचे तोंड बांधणे होय.

आमच्या माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना म्हणूनच एक विनंती : आज घरी गेल्यावर एकेका बोर्डावरील उपकरणांचे वॉट मोजा, बेरजेला २३० ने भागा आणि येणारा आकडा बोर्डावर लिहिलेल्या अँपिअरशी ताडून पाहा. वर्गात शिकलेले हे गणित घराचे रक्षण करू शकते.